गिअरचा दांडा आणि टेकू

मंडळी, गेले दोन वीकएंड इथे काही लिहिलं नाही. ऑफिसातलं रिलीज हे नेहमीचं कारण होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. दोन्ही शनिवार मी गाडीच्या मधल्या कन्सोलमध्ये डोकं खुपसून बसलो होतो. आधी शॉर्ट शिफ्टर बसवायला, आणि पुढच्या शनिवारी तोच काढायला. या दोन शनिवारांच्या मधल्या रात्री वाचण्यात गेल्या, त्यातून हा लेख झाला.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: शॉर्ट शिफ्टर म्हणजे गिअर बदलताना दांडा कमी अंतर फिरावा म्हणून केलेली सोय. कंपनीने दिलेला दांडा पहिल्यातून दुसऱ्यात जाताना वीतभर फिरतो असं वाटतं. शॉर्ट शिफ्टर बसवला की तेच काम मनगटाच्या हलक्या झटक्यात होतं, निदान जाहिरातीत तरी. सिनेमातला हिरो कसा खट् खट् गिअर टाकतो, तसं. आपल्यालाही ते जमावं असं पंचविशी-तिशीतल्या कुठल्या माणसाला वाटत नाही?

यातलं गणित सातवी-आठवीच्या विज्ञानातलं आहे. तरफ, टेकू, बल, भार. गिअरचा दांडा ही पहिल्या प्रकारची तरफ: एका टोकाला आपला हात, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सकडे जाणारा रॉड किंवा केबल, आणि मधे टेकू. समजा टेकूच्या वर २४ सेंटिमीटर दांडा आहे आणि खाली ६ सेंटिमीटर. म्हणजे खालचं टोक जेवढं हलेल त्याच्या चौपट हात फिरणार. खाली १२ मिलिमीटर सरकायचं असेल तर वर ४८ मिलिमीटर. आता खालचा भाग ८ सेंटिमीटर करा, वरचा तसाच ठेवा. प्रमाण चारास एकवरून तीनास एकवर आलं, आणि हात आता ३६ मिलिमीटरच फिरतो. पाव अंतर वाचलं! शॉर्ट शिफ्टर म्हणजे मूळात एवढंच. कुणी टेकू वर सरकवतो, कुणी खालचं टोक लांबवतो, कुणी (हा सगळ्यात स्वस्त उपाय) सरळ वरून दांडा कापून नॉब खाली आणतो.

पण तरफेकडून फुकट काही मिळत नाही. अंतर पाव कमी झालं तर तेवढंच काम करायला जोर एकतृतीयांश जास्त लागणार. हे वाक्य मला शाळेपासून पाठ होतं. तरी ते खरंच कळायला दोन शनिवार आणि बाबांचा खांदा लागला. त्याकडे येतोच.

आधी प्रश्न असा की दांडा मुळात लांब का होता? गाड्या बनवणाऱ्यांना तरफ कळत नव्हती थोडीच!

यासाठी थेट १८९० च्या दशकातल्या पॅरिसला जावं लागतं. पानार ए लव्हासोर नावाची कंपनी होती, आणि त्यातला एमिल लव्हासोर हा डोक्याने इंजिनिअर आणि अंगाने मल्ल असावा. १८९५ मध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी ११०० किलोमीटरहून लांब शर्यत त्याने जवळपास एकट्याने, सुमारे ४९ तासांत गाडी हाकत पूर्ण केली. इंजिन पुढे, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद, ही गाडीची मांडणी त्याच्या कंपनीने १८९१ च्या सुमाराला रूढ केली आणि पुढची कित्येक दशकं जगाने तीच वापरली. त्याच्या गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकं दांड्यावर अक्षरशः सरकवून एकमेकांत घुसवायची असत. एक चाक एका वेगाने फिरतंय, दुसरं दुसऱ्या वेगाने, आणि आपण ती एकमेकांवर ढकलतोय. आवाज कसा येत असेल याची कल्पना करा. हे रानटी आहे, पण चालतं, अशा अर्थाचं काहीतरी लव्हासोर म्हणाल्याचं सांगतात. (आमच्या प्रॉडक्शन सर्व्हरवरच्या अर्ध्या स्क्रिप्ट्सना हे वाक्य लागू पडतं.)

शिवाय सुरुवातीच्या गाड्यांत सगळे गिअर एकाच ओळीत असत. चौथ्यातून पहिल्यात यायचं तर तिसरा आणि दुसरा वाटेत लागायचेच. १९०१ च्या मर्सिडीजमध्ये विल्हेल्म मायबाखने दांड्याला खाचा असलेली जाळी दिली, म्हणजे आज आपण नॉबवर बघतो तो एच आकार. आता हव्या त्या गिअरमध्ये थेट जाता येऊ लागलं. पण दात्यांची टक्कर तशीच राहिली.

ती टाळायची तर ड्रायव्हरलाच कसरत करावी लागे. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अंदाजाने रेस द्या म्हणजे आतली चाकं बरोबर वेगात येतील, पुन्हा क्लच दाबा, मग गिअर टाका. याला डबल क्लच म्हणतात. लहानपणी एसटीत पुढच्या सीटसाठी भांडलेल्या लोकांना हे सांगायला नको. इंजिनाच्या त्या पेटाऱ्याशेजारून वर आलेला, उसासारखा उंच, सतत थरथरणारा दांडा. घाटात ड्रायव्हर क्लचवर दोनदा पाय मारून, मधेच इंजिन गुरगुरवून तो खालच्या गिअरमध्ये ओढायचा. तेव्हा वाटायचं हे स्टाईलसाठी आहे. तो लांब दांडा म्हणजे ड्रायव्हरच्या हाताला दिलेली मदत होती. अवजड दातेरी चाकं सरकवायची तर टेकूच्या वर भरपूर लांबी हवीच.

या टकरीवर उतारा निघाला १९२८ मध्ये. कॅडिलॅकने अर्ल थॉम्पसन नावाच्या इंजिनिअरची सिंक्रोमेश ही युक्ती आपल्या गाड्यांत आणली. कल्पना सोपी आणि सुंदर आहे. दाते एकमेकांत जाण्याआधी दोन शंकू एकमेकांवर घासतात. घासण्याने दोघांचे वेग सारखे होतात आणि मग दाते गुपचूप आत जातात. पुढे यात सुधारणा होत गेल्या. आजच्या गिअरबॉक्समध्ये पितळी वाटणारी एक कडी असते, ती वेग सारखे होईपर्यंत दात्यांची वाट अडवून धरते. आपण गिअर टाकताना मधेच जो एक क्षणभराचा मऊ अडथळा जाणवतो ना, तो हा. आत कुणीतरी दार धरून उभा आहे, वेग जुळले की सोडतो.

आता माझ्यासारखा माणूस इथे चुकतो. आपल्याला वाटतं, गिअर टाकायला वेळ लागतो कारण दांडा लांब फिरतो. पण बराच वेळ त्या शंकूंच्या घासण्यात जातो. ते किती लवकर जुळतील हे आपण त्यांना किती जोराने दाबतो यावर ठरतं. शॉर्ट शिफ्टर लावला आणि हाताचा जोर तेवढाच ठेवला, तर वरच्या उदाहरणात शंकूंवर आधीच्या पाऊणपटच दाब पडतो. म्हणजे जुळायला एकतृतीयांश वेळ जास्त! अंतर वाचलं ते इथे परत गेलं. आणि घाई करून दांडा जास्त जोराने रेटला, तर झीज त्या बिचाऱ्या कडीची. ती जुनी असेल तर करकर आवाज तुमचा. कंपनीने दांड्याची लांबी ठरवताना हा सगळा हिशेब केलेला असतो. फक्त त्यांनी धरलेला हात माझा नसतो, तो शंभर जणांच्या हातांमधला कुठला तरी मधला हात असतो.

असो. सिंक्रोमेशमुळे जोर कमी लागू लागला, तेव्हा गाडीवाल्यांनी काय करावं? दांडा छोटा करून खेळकर गाड्या बनवाव्यात? छे. अमेरिकेत त्यांनी दांडा उचलून स्टिअरिंगच्या खांबावरच नेऊन ठेवला. १९३८ च्या कॅडिलॅकवर तो आला आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक अमेरिकन कंपन्यांनी तेच केलं. कारण साधं: पुढच्या लांबलचक बाकावर मधे तिसरा माणूस बसू शकतो, आणि पायात दांडा येत नाही. तीनच गिअर, मोठं आळशी इंजिन, घाई कुणालाच नाही. या मांडणीला तिथे 'थ्री ऑन द ट्री' म्हणायचे.

हीच मांडणी आपल्या घरातही होती. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९६४ पासून बनणारी फियाट ११०० डिलाईट, पुढे १९७४ च्या सुमाराला जिचं नाव पद्मिनी झालं, तिचा गिअर स्टिअरिंगच्या खांबावर. अँबेसिडरचाही बराच काळ तसाच. पुढे बाक, त्यावर तिघं (आमच्याकडे चौघं, एक मांडीवर). बाबा गाडी शिकले ते काकांच्या फियाटवर. ते सांगतात, त्या गाडीचा गिअर 'टाकायचा' नसे, 'शोधायचा' असे. खांबापासून खाली गिअरबॉक्सपर्यंत रॉड, सांधे आणि बुश यांची लांब साखळी. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी झीज झाली की हाताला काही कळेनासं होतं. दुसरा टाकला की तटस्थ, हे लाल सिग्नल हिरवा झाल्यावरच समजायचं. आणि तरी मुंबईचे टॅक्सीवाले याच गिअरवर आयुष्य काढत होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपता संपता त्या रस्त्यावरून गेल्या. त्या आठवड्यात बाबांनी पेपरमधलं कात्रण कापून ठेवलं. एरवी ते फक्त एफडीचे व्याजदर कापून ठेवतात.

आता शॉर्ट शिफ्टरच्या खऱ्या जन्माकडे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जॉर्ज हर्स्ट नावाचा एक गाड्यांचं वेड लागलेला माणूस बिल कॅम्पबेल या भागीदाराबरोबर छोटा धंदा करत होता. आधी इंजिन बसवायचे माउंट वगैरे बनवायचे. त्या काळात लोक मोठी इंजिनं घालून पाव मैलाच्या शर्यती लावत, आणि खांबावरचा गिअर काढून दांडा पुन्हा जमिनीवर आणत. 'फोर ऑन द फ्लोअर' हे त्या पिढीचं ब्रीद. पण कंपन्यांचे जमिनीवरचे गिअरही फारसे चांगले नव्हते. पातळ पत्रे, लवचिक रॉड, ढिले सांधे. शर्यतीत जोरात गिअर मारला की रॉड वाकायचे, कधी मधेच अडकायचे. शर्यत तिथेच संपली.

हर्स्टने काय केलं? दांडा कमी फिरवणं हा त्यातला एक भाग होता, पण माझ्या मते खरी गोष्ट ती नव्हे. त्याने सगळं मजबूत केलं. जाड पोलादी दांडा, न लवणारे रॉड, आणि दोन्ही बाजूंना बसवता-फिरवता येतील असे थांबे. ड्रायव्हरने कितीही जीव खाऊन दांडा मारला तरी तो बोल्टवर जाऊन थांबणार, पुढचा जोर गिअरबॉक्सच्या आतल्या भागांवर जाणार नाही. हात आणि गिअरबॉक्स यांच्यात जे काही ढिलं होतं ते त्याने काढून टाकलं. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर मधली सगळी लॉसी लेयर उडवली.

पॉन्टिअ‍ॅकला हे आवडलं. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ, जिला लोक मसल कारची आई मानतात, ती कारखान्यातूनच हर्स्टचा दांडा लावून बाहेर पडायची. शर्यतीच्या मैदानात जन्मलेला सुटा भाग मोठ्या कंपनीच्या गाडीत, आणि नाव लपवलेलं नाही, उलट मिरवलेलं. तेव्हाच्या तरुण गिऱ्हाइकाला त्या नावाचंच आकर्षण होतं.

याच हर्स्टची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. शर्यतीत चेपलेल्या गाडीतून ड्रायव्हरला बाहेर काढायला फार वेळ लागतो हे त्याने बघितलं आणि पत्रा फाकवणारं, कापणारं हायड्रॉलिक अवजार बनवलं. अपघाताच्या बातम्यांत अग्निशमन दलाचे जवान ज्या मोठ्या चिमट्यासारख्या यंत्राने गाडीचं दार उघडतात, आणि ज्याला 'जॉज ऑफ लाईफ' म्हणतात, त्याची सुरुवात इथली. जोर कुठे द्यायचा आणि कुठे वाया जाऊ द्यायचा नाही, हे त्या माणसाला हाडात कळत असणार.

त्यानंतरची मोठी पायरी जपानमधली. १९८९ मध्ये माझ्दाची एमएक्स-५ आली. छोटी, दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी. तिचा दांडा सरळ गिअरबॉक्समधूनच वर येतो, मधे रॉडची भानगडच नाही, आणि फिरतो दोन इंचांच्या आसपास. गाडीचे प्रमुख इंजिनिअर तोशिहिको हिराई. घोडा आणि स्वार एक झाले पाहिजेत, अशी त्यांच्या टीमची धारणा होती. हलकी गाडी, छोटं इंजिन, त्यामुळे सिंक्रोच्या शंकूंना थांबवायचं-फिरवायचं वजनही कमी. म्हणून तिथे छोटा दांडा जड लागत नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा धागा आहे, आणि किट विकणारे तो कधीच सांगत नाहीत: तिथे आखूड दांडा नंतर चिकटवलेला नाही, बाकीची गाडी त्याला साजेशी घडवलेली आहे.

बीएमडब्ल्यूवाल्यांची तऱ्हा त्याहून गमतीची. जुन्या थ्री सिरीजच्या मालकांच्या लक्षात आलं की झी-३ च्या १.९ लिटर मॉडेलचा दांडा आपल्या गाडीत बसतो आणि कमी फिरतो. झालं! वेगळं किट कशाला, कंपनीचाच भाग घ्या. गाडीखाली झोपा, खालच्या रॉडची क्लिप काढा, प्लास्टिकची वाटी सोडवा, जुना दांडा वर ओढा, नवा ग्रीस लावून बसवा. आणि ते करताना मेस्त्री हटकून सांगतो की रॉडच्या दोन्ही टोकांचे बुश बदला. मग गाडी चालवून लोक म्हणतात, वा, काय दांडा आहे! त्यातलं श्रेय किती दांड्याचं आणि किती बुशचं, हा हिशेब कुणी करत नाही.

मीही केला नव्हता.

आमची गाडी साधी, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, नऊ वर्षं जुनी. इंजिन आडवं, गिअरबॉक्स पुढे, आणि दांड्यापासून तिथपर्यंत दोन केबल: एक पुढे-मागे, एक डावी-उजवी. माझं किट म्हणजे दांड्याच्या खालच्या बाजूला लावायची एक मशीन केलेली पट्टी, जी केबलचं टोक टेकूपासून लांब नेते. बसवायला अवघड काहीच नाही. नॉब फिरवून काढा, लेदरचं कव्हर वर ओढा, कन्सोलचे स्क्रू, केबलची क्लिप, पट्टी, परत सगळं उलट्या क्रमाने. मग न्यूट्रलमध्ये केबलची लांबी जुळवा, हे मात्र नीट करा, नाहीतर एक गिअर पूर्ण आत जात नाही आणि चालता चालता सुटतो. मला चार तास लागले, त्यातला एक तास सीटखाली पडलेला स्क्रू शोधण्यात.

आणि मंडळी, पहिली फेरी! पाषाणपासून चांदणी चौकापर्यंत मी विनाकारण गिअर बदलत गेलो. खट्, खट्. रविवारी सकाळी थंड गाडीत दुसरा जरा अडखळला. मी म्हटलं, बसेल हळूहळू.

सोमवारी बाबा गाडी घेऊन बँकेत गेले. दुपारी घरी आले आणि किल्ली टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाले, "गाडीला काय केलंस रे? दुसरा ओढताना जीव जातो."

मला आठवायला हवं होतं. मागच्या वर्षी बाबांचा डावा खांदा धरला होता, फ्रोझन शोल्डर. सहा महिने व्यायाम करून हात वर जायला लागला होता. आपल्याकडे गिअर डाव्या हाताने, आणि दुसरा गिअर म्हणजे दांडा मागे ओढायचा. माझ्या हाताला जो एकतृतीयांश जोर मजा वाटत होता तो त्यांच्या खांद्यात दुखत होता. त्यांनी दिवसभर दुसरा टाळून गाडी पहिल्यातून तिसऱ्यात नेली होती. मला बरं वाटावं म्हणून असेल, पण पुढे म्हणाले, "फियाटपेक्षा बरी आहे तरी."

पुढच्या शनिवारी आमच्या ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी किट हातात घेऊन उलटसुलट बघितलं, काम छान आहे म्हणाले. मग दांडा धरून न्यूट्रलमध्ये नुसता हलवला. "दादा, दांडा लांब नाहीये तुमचा. ढिला आहे. केबलच्या टोकाचे बुश गेलेत, म्हणून इतका फिरतो. आधी ते बघायचं ना." मला हर्स्टबद्दल वाचून झालं होतं, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. साठ वर्षांपूर्वी त्याने जे केलं ते मेस्त्री मला दोन प्लास्टिकच्या बुशमध्ये सांगत होते.

पट्टी काढली, मूळची जोडणी परत लावली, नवे बुश घातले. दांडा आता मोजून बघितला तर आधीच्या सवयीपेक्षा जवळपास एक सेंटिमीटर कमी फिरतो, कारण ते एक सेंटिमीटर नुसती सैल हालचाल होती. आणि हलका आहे. बाबांनी सोसायटीला एक फेरी मारली, दुसऱ्यात घातली, तिसऱ्यात, परत दुसऱ्यात. काही बोलले नाहीत. रात्री जेवताना आईला म्हणाले, उद्या सकाळी भोरला जाऊन येऊ, बरेच दिवस राहिलंय.

ते गेले, म्हणून रविवारी मला घरी बसून हे लिहायला वेळ मिळाला. किट डब्यात घालून माळ्यावर ठेवलंय. बुश मात्र दोन जादा आणून ठेवलेत.